आधी बघायचं, पडलं कोण?

आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा मुलं त्याच्यावर चित्रं काढतील, उर्दू टाइप करायला शिकतील असं आम्हाला वाटलं होतं. थोडंफार तसं झालंही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत त्या संगणकाचं मुख्य काम एकच उरलं आहे, ते म्हणजे अर्ज भरणं. शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची जुळणी, पटाची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, पुस्तकांची मागणी. आणि हे सगळं ब्राउझरच्या एका खिडकीतून. ती खिडकी अधूनमधून कोसळते, आणि बहुतेक वेळा शेवटच्या तारखेच्या आसपासच कोसळते.

मी इंजिनीअर नाही. बी.एड. करून साताऱ्यात उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई आहे. माहेर सांगलीचं. तरीही या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण पडदा पांढरा झाला की समोर बसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. तो चेहरा यंत्रावर चिडलेला नसतो, तो घाबरलेला असतो. एक आई, घरी शिवणकाम करणारी, अर्ज भरताना शेजारच्या खुर्चीवर बसली होती. मुलीची जन्मतारीख नीट आहे का ते बघायला तिने पडद्यावर नुसतं बोट ठेवलं आणि नेमकं त्याच क्षणी पान गेलं. तिने हात असा मागे ओढला की जणू चटका बसला. म्हणाली, "टीचर, मेरे हात से कुछ बिगड्या क्या?"

तिच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं. तो पडदा स्पर्शाचा नव्हताच. पण "माझ्यामुळे झालं" ही समजूत आपल्या लोकांत, त्यातही बायकांत, फार खोल गेलेली आहे. म्हणून ब्राउझर का पडतो हे मी समजून घ्यायला लागले. काही पुतण्याकडून, काही सांगलीच्या भावाकडून, आणि बरंचसं रात्री जागून.

वर्गात मी हे फळ्याच्या उदाहरणाने सांगते. संगणकाची रॅम म्हणजे फळा. ब्राउझर जे जे उघडतो ते फळ्यावर लिहिलं जातं. आजकालची संकेतस्थळं फार जागा खातात. एका अर्जाच्या पानामागे चित्रं, जाहिराती, तपासण्या, छोटे छोटे प्रोग्रॅम असं बरंच काही असतं. फळा लहान असेल तर तो भरतो. भरला की काहीतरी पुसावं लागतं. आता गंमत अशी, की फळा भरल्यावर काय करायचं याबाबत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वभाव वेगळा आहे.

विंडोज फळ्यावरचं थोडं थोडं उतरवून वहीत, म्हणजे हार्ड डिस्कवर, लिहून ठेवतं. लागलं की पुन्हा वहीतून फळ्यावर. जुनी हार्ड डिस्क असेल तर ही ये-जा इतकी सावकाश होते की खिडकी दुधासारखी पांढरी पडते आणि वर अक्षरं उमटतात, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. आमच्या शाळेचा संगणक दोन जीबीचा, त्यावर विंडोज ७. त्या पांढऱ्या पडद्यासमोर माणूस काय करतो? दहा ठिकाणी क्लिक करतो. ती प्रत्येक क्लिक रांगेत जाऊन उभी राहते आणि गर्दी वाढते. अशा वेळी हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं बसणं हा खरा उपाय आहे. 'वाट बघा' आणि 'बंद करा' असे दोन पर्याय आले तर आधी वाट बघा. पुष्कळदा पान परत येतं. नाहीच आलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि कोण किती जागा अडवून बसलंय ते बघावं. आमच्याकडे एकदा ब्राउझरपेक्षा जास्त जागा छपाईयंत्राबरोबर आलेल्या कुठल्याशा प्रोग्रॅमने अडवली होती. दोन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता.

अँड्रॉइडचा स्वभाव वेगळा. तो फळ्याच्या ज्या कोपऱ्याकडे तुम्ही बघत नाही, तो कोपरा न सांगता पुसून टाकतो. यात सर्वांत जास्त फसतात ते आमचे पालक. फोनवर अर्ज भरतात, ओटीपी येतो, तो बघायला मेसेजच्या खिडकीत जातात, परत येतात तर पान पहिल्यापासून लोड होतंय आणि भरलेलं सगळं गायब. कागदाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला की तेच, कारण कॅमेरा फार जागा मागतो. तांत्रिक भाषेत हा 'क्रॅश' नव्हे, फोनने मुद्दाम केलेली काटकसर आहे. पण ज्याची एक तासाची मेहनत गेली त्याला या फरकाचं काय? म्हणून मी पालकांना सांगते की सगळे फोटो आधी काढून ठेवा, दाखला, पासबुक, बोनाफाईड, फोटो, सही. ओटीपी वरून खाली येणाऱ्या पट्टीतच वाचा, ब्राउझर सोडून जाऊ नका. घरात बटणांचा साधा फोन असेल तर नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच्यात घाला आणि ओटीपी मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. हा शेवटचा उपाय मला सहावीतल्या एका मुलीने शिकवला. तिच्या घरी तो आधीपासून चालू होता.

लिनक्सची ओळख मला पुराने करून दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझ्या धाकट्या भावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा झेरॉक्स मशीनमधून गाळ काढत होतो. संगणक दोन होते, दोन्ही गेले. हाताशी पैसे नव्हते, म्हणून त्याने मिरजेतून जुने डबे विकत घेतले. त्यात विंडोज नव्हतं आणि नवं घेणं परवडणारं नव्हतं. एका ओळखीच्या कॉलेजच्या पोराने त्यावर लिनक्स टाकून दिलं, फुकट आणि हलकं. सुरुवातीला भाऊ वैतागला. आता तो सोडायला तयार नाही. फळा भरला की लिनक्स काय करतं? सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्याला हेरतं आणि थेट वर्गाबाहेर काढतं. खिडकी होती, खिडकी नाही. पांढरा पडदा नाही, माफी नाही. भाऊ म्हणतो, "आपा, ये मरता तो चुपचाप मरता, और दो मिनट में फिर खडा." चुपचाप मरणारं बरं की तडफडणारं, यावर आमच्या घरी दर ईदला वाद होतो. माझं मत भावाच्या बाजूने झुकत चाललंय, पण त्याला अजून सांगितलेलं नाही.

उठून उभं राहण्याची ही सोय ब्राउझरमध्ये आधीपासून नव्हती. २००८ च्या सप्टेंबरात गूगलने क्रोम आणला तेव्हा त्याची मुख्य कल्पना हीच होती की प्रत्येक टॅब शक्यतो आपापल्या वेगळ्या खोलीत ठेवायचा, म्हणजे एका खोलीचं छत पडलं तरी बाकीचं घर उभं राहील. त्याआधी बहुतेक ब्राउझरांत एक पान बिघडलं की सगळी खिडकी खाली येई. ही कल्पना समजावून सांगायला गूगलने स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून ३८ पानांचं कॉमिक काढून घेतलं होतं. शिक्षक म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. अवघड गोष्ट चित्रकथेतून सांगावीशी वाटणं हे चांगल्या मास्तराचं लक्षण आहे. अर्थात वेगळ्या खोल्या बांधल्या की विटा जास्त लागतात. म्हणजे ही पद्धत सुरक्षित खरी, पण जागाही जास्त खाते, आणि छोट्या फळ्यावर तीच अडचण होऊन बसते.

त्यात जुन्या यंत्रांना हळूहळू मागे सोडलं जातं. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला बंद झाला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. २०२३ च्या फेब्रुवारीपासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर येईनाशा झाल्या. १०९ ही तिथली शेवटची. फायरफॉक्सने आपली ११५ वी आवृत्ती जुन्या विंडोजसाठी त्यानंतरही सांभाळली, म्हणून आमच्यासारख्यांचं काही काळ भागलं. इंटरनेट एक्स्प्लोरर तर १५ जून २०२२ ला निवृत्तच झाला. या तारखा कंपन्यांच्या दृष्टीने रास्त असतील. पण अनुदानाच्या शाळेत संगणक बदलायचा ठराव कोणत्या गतीने पुढे सरकतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या दोन घड्याळांतला फरक वेगळा सांगायला नको. जुना ब्राउझर नवं पान उघडायला जातो, अर्धं समजतं, अर्धं समजत नाही, आणि अडखळून पडतो.

आता एका प्रश्नाकडे येते. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, उर्दूमुळे कॉम्प्युटर बंद पडतो का?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. कारण त्याचं निरीक्षण अगदीच चूक नव्हतं. आमच्या संगणकावर उर्दूचं लांबलचक पान उघडलं की ते खरंच अडकत अडकत सरकायचं.

नस्तालिक ही उर्दूची लिपी सरळ रेषेवर बसत नाही. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि तिरका खाली उतरतो, आणि अक्षर शेजारी कोण आहे हे बघून आपलं रूप बदलतं. ती छापणं इतकं अवघड की उर्दू वर्तमानपत्रं अनेक दशकं कातिबांच्या हातांनीच लिहिली गेली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालिक आलं तेव्हा त्यात जवळपास २०,००० जोडलेले तुकडे, ज्यांना उर्दूत तरसीमे म्हणतात, एकेक करून तयार केलेले होते. हे सगळं एका छोट्या यंत्राला पडद्यावर मांडायचं तर श्रम पडणारच. विंडोजमध्ये नस्तालिक वळणाचा उर्दू फॉन्ट आला तो विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ मध्ये. आयफोनमध्ये २०१७ मध्ये. तोपर्यंत उर्दूची किती तरी पानं इंटरनेटवर चित्र म्हणून चिकटवली जात होती. ना शोधता येत, ना कॉपी करता येत.

आणि लिपीने यंत्र पडल्याच्या खऱ्या घटनाही आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये अरबी अक्षरांची एक छोटी ओळ जगभर फिरली. ती ओळ दिसली की ॲपलच्या तेव्हाच्या आयफोनवर आणि मॅकवर ब्राउझर बंद पडत होता. मे २०१५ मध्ये तसाच एक संदेश आला, ज्याने आयफोन बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. त्या संदेशात इंग्रजी शब्द होते, अरबी अक्षरं होती, एक चिनी अक्षर होतं, आणि देवनागरीतलं ॣ हे चिन्हही होतं. दीर्घ ॡ ची मात्रा! मी मराठीची शिक्षिका असून ही मात्रा मला फळ्यावर कधी लिहावी लागलेली नाही. 'क्लृप्ती'तसुद्धा ऱ्हस्व ऌ पुरतो. पण माझ्या दोन्ही लिप्या एकाच संदेशात बसून एका महागड्या फोनला झोपवत होत्या हे वाचून मी तो संदेश कितीतरी वेळ बघत बसले होते. साध्या फोनवर, अर्थात.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पाळी तेलुगूची होती. तेलुगूतलं 'ज्ञा'सारखं एक जोडाक्षर दिसलं की आयफोनवरची ॲपं बंद पडायची. तेव्हा मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी तो प्रकार उलगडून दाखवला, की ही एकट्या तेलुगूची गोष्ट नाही. बंगाली आणि देवनागरीतही, जोडाक्षरात 'र' असेल आणि त्यानंतर एक न दिसणारं विशिष्ट चिन्ह येऊन मग स्वरचिन्ह आलं, तर तेच घडतं. म्हणजे आपल्या 'क्र' आणि 'प्र'ची बाराखडी.

त्या मुलाला मी उत्तर दिलं ते असं: उर्दूमुळे पडत नाही. यंत्र बनवणाऱ्याने ते बनवल्यावर कोणत्या लिपीत लिहून बघितलं, यावर ते अवलंबून असतं. इंग्रजीत हजार वेळा लिहून बघितलं, उर्दूत दोनदा, तर खड्डा उर्दूच्या रस्त्यावरच राहणार. आणि मग मी त्याला फळ्यावर एक शब्द लिहून दाखवला, हार्फबझ. अक्षरं एकमेकांना कशी जोडायची हे ठरवणारा प्रोग्रॅम. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, सगळीकडे तोच वापरला जातो. उर्दूही तोच जोडतो, मराठीही तोच. त्यावर मुख्य काम केलं ते बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी माणसाने, आणि नाव ठेवलं ते फारसी. हर्फ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे उघडं. मुलांना हर्फ माहीत होतं, बाज़ माहीत नव्हतं. तास मराठीचा होता, गेला फारसीत. असो.

एकूण हा सगळा मामलाच भाषेचा आहे. अर्ज, दाखला, मुदत, तारीख, मंजूर, नामंजूर. कचेरीतले हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. मुलाचं नाव मात्र अजून तीन लिप्यांत फिरतं. आमच्या रजिस्टरला उर्दूत, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मराठीत, आधारवर इंग्रजीत. बागवान, तांबोळी, मुल्ला, शिकलगार, प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग घरात दोन प्रकारचं. अर्जात एक अक्षर चुकलं तर बँकेशी जुळत नाही. म्हणून आम्ही नाव भरायलाच दहा मिनिटं घेतो, आणि ब्राउझर पडला की ती दहा मिनिटं सगळ्यांत आधी जातात. यावर मी एक साधी सवय लावली आहे. ब्राउझर उघडण्याआधी सगळी माहिती नोटपॅडमध्ये भरून ठेवायची, नाव, आईचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, दाखल्याचा बारकोड क्रमांक. मग नुसतं कॉपी-पेस्ट. पान पडलं तरी माहिती पडत नाही. ब्राउझर परत उघडल्यावर कंट्रोल, शिफ्ट, टी दाबलं की गेलेला टॅब परत येतो, पण भरलेला मजकूर येईलच असं नाही. त्यावर भरवसा ठेवू नये. आणि एका वेळी एकच टॅब. गाणी बंद. मुलांनी हौसेने घातलेली एक्स्टेन्शन्स बंद, किंवा अर्जापुरती इन्कॉग्निटो खिडकी, कारण तिथे ती बहुधा आपोआप बंद असतात.

पण या सवयींपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट मला २०२१ नंतर कळली. त्या वर्षी मार्चच्या २२-२३ तारखेला जगभर अँड्रॉइड फोनवरची ॲपं एकामागून एक बंद पडत होती. लोकांनी फोन बदलायचा विचार केला, मेमरी पुसली, मुलांना रागावले. कारण निघालं अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू नावाच्या एका भागाचं अपडेट. बहुतेक लोकांनी ते नावही ऐकलं नव्हतं. बऱ्याच ॲपांच्या आत जो एक छोटा लपलेला ब्राउझर असतो, तो हा. गूगलने दुरुस्ती पाठवली आणि प्रश्न मिटला. पण त्या एका दिवसात किती घरांत मुलांच्या पाठीत धपाटे बसले असतील!

तेव्हापासून मी कोणालाही दुरुस्तीआधी एकच गोष्ट विचारते: पडलं कोण? पडद्यावर डायनासोर आला असेल तर नेट गेलंय. राउटर बघा, पान बघू नका. ५०३ किंवा ५०४ असा आकडा आला असेल तर आपलं काहीच बिघडलेलं नाही, पलीकडचा सर्व्हर दमलाय. 'सेशन एक्स्पायर्ड' असेल तर त्यांनी ठरवलेली वेळ संपली, पुन्हा लॉगिन. 'ऑ, स्नॅप' म्हणत दुःखी चेहरा आला, पडदा पांढरा झाला किंवा खिडकीच गायब झाली, तर बहुधा आपलं यंत्र. चार वेगवेगळे मृत्यू आहेत हे, आणि आपण चारहींना 'साइट बंद आहे' म्हणतो, किंवा त्याहून वाईट, 'माझ्याकडून काहीतरी झालं' म्हणतो.

हा फरक नुसता ज्ञानाचा नाही. एका वर्षी एका शिष्यवृत्तीच्या शेवटच्या रात्री मी शाळेतल्या नऊ मुलांचे अर्ज भरत होते. उशीर का, तर दोघांचे उत्पन्नाचे दाखले त्याच संध्याकाळी हातात आले होते. सहा अर्ज गेले. सातव्याला आमचा संगणक पांढरा पडला. मी भावाला फोन केला, नोटपॅडमधली माहिती पाठवली, आणि दोन मुलींचे अर्ज सव्वाशे किलोमीटर दूर सांगलीत, पुरातून उभ्या राहिलेल्या त्या जुन्या डब्यावरून गेले. त्या मुलींना अजूनही माहीत नाही की त्यांचा अर्ज सांगलीतून गेला. राहिला एक मुलगा. त्याचे वडील आठवडी बाजारात भांडी विकतात. त्याचा अर्ज भावाने पूर्ण भरला, शेवटचं बटण दाबलं, आणि ५०४. पुन्हा दाबलं, ५०४. बारा वाजेपर्यंत तेच. भावाने प्रत्येक वेळी पडद्याचा फोटो काढला, कोपऱ्यातल्या घड्याळासकट. मी त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते फोटो घेऊन संबंधित कार्यालयात गेले. समोरचे गृहस्थ सभ्य होते. चहा विचारला. म्हणाले, "मॅडम, नेट स्लो असेल तुमच्याकडे." मी सांगितलं, नेट स्लो असतं तर हा आकडा आला नसता, हा आकडा पलीकडून येतो. त्यांनी फोटो बारकाईने बघितला आणि म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." मला ते खरं वाटलं. त्यांनी वर कळवतो म्हणून अर्ज ठेवून घेतला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: शाळेकडून अर्ज मुदतीत प्राप्त नाही.

पुढच्या वर्षी त्या मुलाचा अर्ज आम्ही पहिल्या आठवड्यात भरला, आणि मंजूरही झाला. पण मागच्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. रक्कम मोठी नव्हती. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे कधी तक्रार केली नाही, आणि तेच मला बोचतं. त्यांनी गृहीत धरलं होतं की असंच होत असतं. आणि मला ठामपणे वाटतं की सगळ्या राज्याची मुदत एकाच रात्री बारा वाजता संपवायची, त्या रात्री सर्व्हर वाकणार हे दरवर्षी बघायचं, आणि उशिराचं खापर मात्र पाचशे रुपयांच्या रोजावर जगणाऱ्या घरावर फोडायचं, याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही. अर्जाचं बटण पहिल्यांदा दाबलं ती वेळ नोंदवून ठेवणं संगणकाला अवघड नाही. तेवढी एक नोंद असती तर त्या मुलाचा अर्ज मुदतीत ठरला असता.

सध्या आमच्या संगणकाशेजारी दोरीला बांधलेली एक वही आहे. सातवी-आठवीची मुलं ती भरतात. तारीख, वेळ, कोणतं यंत्र, पडद्यावर काय दिसलं, आणि शेवटच्या रकान्यात 'कोण पडलं'. मुलं उर्दूतून लिहितात, त्यामुळे रकाने उजवीकडून सुरू होतात. मराठी शाळेतून आलेले एक सर ती वही नेहमी उलटी उघडतात. गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी आम्ही मोजल्या. एकोणचाळीस वेळा काम अडलं. त्यात आमचं यंत्र सतरा वेळा, नेट अकरा वेळा, पलीकडचा सर्व्हर नऊ वेळा, आणि दोन ठिकाणी मुलांनी लिहिलंय 'लाइट गेली'. नवा संगणक मागताना या वेळी मी पत्राला त्या पानांची झेरॉक्स जोडली आहे, खाली मराठी भाषांतरासह.